फक्की, दोरी आणि तीन तासांचे मैदान

अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेत बेसबॉलचे मैदान भाड्याने मिळेल का, असे कुणी विचारले तर खरे उत्तर असे : मैदान मिळेल, पण त्यावर बेसबॉल आपल्याला आखून घ्यावा लागेल. कायमचा ‘डायमंड’ म्हणजे चार बेसचा चौकोन, मागे उंच जाळी, खेळाडूंना बसायला ओटे असे तयार मैदान तालुक्याच्या गावात सहसा नसते. असते ते शाळेचे किंवा महाविद्यालयाचे मोकळे पटांगण. त्याच्या मधोमध क्रिकेटची सिमेंटची पट्टी, एका कडेला व्हॉलीबॉलचे खांब, दुसऱ्या कडेला कबड्डीची पुसट चौकट. तेवढ्या जागेत अठरा जणांना दोन-तीन तास खेळायचे असेल, तर आधी अर्ज, मग फक्की आणि दोरी, आणि त्यानंतर बॅट.

हा खेळ वऱ्हाडाला परका आहे असे वाटणाऱ्यांसाठी थोडी माहिती. बेसबॉलचा धाकटा भाऊ सॉफ्टबॉल महाराष्ट्रातल्या शाळांत चांगला रुजलेला आहे. भारतीय सॉफ्टबॉल संघटना १९६१ मध्ये स्थापन झाली आणि राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राचे संघ पहिल्या फळीत असतात. शालेय क्रीडा स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलामुलींसाठी सॉफ्टबॉल खेळवला जातो. खेळाची हौस तर या जिल्ह्यात फार जुनी. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभे केले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. ज्या जिल्ह्यातून माणसे आपले खेळ दाखवायला बर्लिनला गेली, तिथे दुसऱ्याचा खेळ शिकायला कुणी कचरणार नाही.

अडचण मैदानाची आहे. आणि खरे तर मैदानापेक्षा जास्त, ते मागायचे कसे याची.

आधी जागेचा हिशेब, आणि तोही शेतकऱ्याच्या भाषेत. बेसबॉलमध्ये एका बेसपासून दुसरा बेस ९० फुटांवर, म्हणजे २७.४३ मीटरवर असतो. मोठ्यांच्या मैदानात कोपऱ्यापासून सीमेपर्यंतची रेषा ३२५ फूट, म्हणजे जवळजवळ ९९ मीटर धरतात. बाजूची मोकळी जागा मिळवली की हे प्रकरण तीन एकरांच्या आसपास जाते. सॉफ्टबॉलचे बेस ६० फुटांवर, सीमारेषा साधारण २२० फुटांवर. तो खेळ सव्वा एकरात बसतो. गावातल्या शाळेकडे तीन एकर सलग मोकळे पटांगण असणे अवघड, सव्वा एकर मात्र बहुतेक जुन्या शाळांकडे असते. म्हणून ‘बेसबॉल खेळू’ असे ठरवून निघालेला गट तालुक्याच्या गावात शेवटी सॉफ्टबॉलच खेळतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

किंबहुना सॉफ्टबॉलचा जन्मच मैदान नसण्यातून झाला. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या एका बोट क्लबात काही तरुण फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत होते. कुणीतरी बॉक्सिंगचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. तिथे बसलेल्या जॉर्ज हँकॉक नावाच्या गृहस्थाने मोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला, खडूने जमिनीवर रेषा ओढल्या आणि चार भिंतींच्या आत बेसबॉल सुरू झाला. बाहेर थंडी आणि आत जागा अपुरी, तरी खेळ झाला. खडूने रेषा ओढणारा तो माणूस आणि धामणगावच्या एखाद्या पटांगणात फक्कीची पाटी घेऊन वाकलेला क्रीडाशिक्षक यांचे काम एकच आहे.

आता मैदान कुणाचे, हा प्रश्न. धामणगावचे ‘रेल्वे’ हे आडनाव हौसेचे नाही. याच अमरावती जिल्ह्यात धामणगाव गढी आहे, पलीकडे बुलढाण्यात धामणगाव बढे आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि त्या मार्गावरच्या स्टेशनांभोवती कापसाच्या पेठा वाढल्या. धामणगाव त्यातलीच एक. यवतमाळला मोठ्या रेल्वेमार्गाचे स्टेशन नसल्याने तिकडची माणसे मुंबई-हावडा मार्गावरची गाडी पकडायला वर्षानुवर्षे इथेच येत आली. पेठेबरोबर शाळा आल्या, त्याही मुख्यतः व्यापाऱ्यांच्या आणि समाजधुरीणांच्या देणग्यांवर. गावातल्या से. फ. ला. हायस्कूलच्या नावात आजही एका शेठजींचे नाव आहे. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सुरू केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा वऱ्हाडभर पसरल्या, त्यांनीही गावोगाव पटांगणे राखली. त्यामुळे वऱ्हाडात मोठे मैदान म्हटले की ते बहुधा शिक्षण संस्थेचे असते. त्याखालोखाल नगर परिषदेची जागा, जिल्हा परिषद शाळेचे आवार आणि शासनाचे तालुका क्रीडा संकुल.

मालक बदलला की अर्जाचा पत्ता बदलतो. खासगी संस्थेच्या शाळेत अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे आणि प्रत संस्थेच्या सचिवांना. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांबरोबर शाळा व्यवस्थापन समितीलाही विचारावे लागते. नगर परिषदेच्या जागेसाठी अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे, आणि भाडे सभेच्या ठरावाप्रमाणे. क्रीडा संकुल असेल तर त्याची समिती असते. ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी वेगळी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच. हे सगळे माहीत असलेला एक तरी माणूस गटात लागतो. बहुतेक गटांत तो क्रीडाशिक्षक असतो, किंवा तहसीलच्या आवारात रोज बसणारा एखादा अर्जनवीस ओळखीचा निघतो.

अर्जात काय लिहायचे? तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती जण, जबाबदार व्यक्तीचे नाव, आणि खेळ कोणता. शेवटच्या मुद्द्यावर हमखास घोळ होतो. ‘सॉफ्टबॉल’ वाचून कार्यालयाला वाटते, मऊ चेंडू असेल, टेनिस बॉलसारखा. तो मऊ नसतो. त्याचा घेर १२ इंच आणि वजन साधारण १८० ते १९८ ग्रॅम. क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे ‘सॉफ्ट’ म्हणवणारा हा चेंडू त्याच्याहून वजनदार. अर्जात हे सरळ लिहावे. पहिल्याच दिवशी वर्गाची काच फुटली आणि मग चेंडूचे वजन कळले, तर पुढच्या वर्षभर त्या दारात उभे राहायची सोय उरत नाही.

पैशांचा विषय निघाला की गावात सगळे संकोचतात. ‘भाडं कायचं, खेळा ना’ असे मुख्याध्यापक म्हणाले की गटाला आनंद होतो. तो आनंद समजण्यासारखा आहे, पण त्यातच पुढची अडचण असते. ज्या मैदानाला दर नाही, त्याची नोंदवही नसते. नोंदवही नाही, म्हणजे आज कुणाची पाळी हे ठरते ओळखीवर. मग सहा महिने आधी शब्द टाकून ठेवलेला मुलींचा सॉफ्टबॉल संघ रविवारी सकाळी बॅगा घेऊन पोचतो आणि मैदानात कुणाच्या तरी नावाच्या चषकाचा मांडव उभा असतो. खांबांसाठी खड्डे खणून झालेले असतात. भांडायला कागद हातात नसतो, म्हणून मुली परत जातात. वऱ्हाडात हे नवे नाही, आणि ज्या क्रीडाशिक्षकांनी हे पाहिले आहे ते दर वर्षी अधिक चिकाटीने एकच गोष्ट मागतात : थोडे का होईना भाडे घ्या, पण पावती द्या.

पावतीवर तारीख आणि वेळ असते. पावतीपुस्तकात एका वेळेला दोन नावे लिहिता येत नाहीत. भाड्याचे खरे काम एवढेच आहे. रक्कम लहान असली तरी चालेल. पाणी, झाडलोट, शिपायाची रविवारची हजेरी आणि वर्षातून एकदा मुरूम टाकण्याचा खर्च वाटून निघाला तरी पुरे. वेगळी अनामत ठेवावी, काच किंवा नळ फुटला तर ती कापावी, नाहीतर त्याच दिवशी परत करावी. अठरा खेळाडू आणि पाच-सहा राखीव यांच्यात भाडे वाटले की माणशी येणारा आकडा चहा-पोह्यांच्या खर्चाहून फार मोठा होत नाही.

शहरात या मागणीतून वेगळाच धंदा उभा राहिला आहे. अमरावती-अकोल्यात जाळीने वेढलेली हिरव्या कृत्रिम गवताची ‘टर्फ’ तासाच्या दराने मिळतात. दिवसाचा दर निराळा, दिव्यांखालचा निराळा, शनिवार-रविवारी आणखी चढा. बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलला ती उत्तम. सॉफ्टबॉलला मात्र अपुरी, कारण ६० फुटी चौकोनाचा कर्णच ८४ फूट १० इंचांचा असतो आणि त्यापुढे बाहेरच्या क्षेत्ररक्षकांना पळायला जागा हवी. अशा जागेत खेळायचेच असेल तर ‘बेसबॉल फाइव्ह’ हा अलीकडचा प्रकार करून पाहावा. पाच-पाच जण, बॅट नाही, हातमोजे नाहीत, रबरी चेंडू हातानेच मारायचा, बेस १३ मीटरवर आणि पाच डाव. डाकारच्या २०२६ च्या युवा ऑलिम्पिकसाठी त्याची निवड झाली आहे. दहा-बारा पोट्टे जमले आणि मोठे मैदान अडलेले असेल, तर शाळेचे व्हॉलीबॉलचे आवारही त्याला पुरते.

परवानगी मिळाली, पावती खिशात आली, आता पहाटेचे काम. पटांगणाचा कोपरा निवडताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या बेसच्या, मागे कुंपणाची भिंत असावी, वर्गखोल्या नसाव्यात, कारण बॅटला चाटून मागे उडणारे चेंडू सगळ्यात जास्त. क्रिकेटची सिमेंटची पट्टी आतल्या चौकोनात येऊ देऊ नये, ती बाहेरच्या मैदानात ढकलावी. बेसकडे घसरत येणारा खेळाडू सिमेंटवर आला तर गुडघा सोलून निघतो. तिसरी गोष्ट सूर्य. बेसबॉलच्या नियमपुस्तकात होम प्लेटपासून पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी असे सुचवलेले आहे, कारण अमेरिकेतले सामने दुपारी-संध्याकाळी होत आणि मावळतीचे ऊन फलंदाजाच्या पाठीशी राही. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. इथे खेळ सकाळी सहा ते नऊ. नियमपुस्तकाप्रमाणे आखले तर उगवता सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांत जाईल. म्हणून इथे डायमंड उलटा फिरवावा आणि फलंदाजाचे तोंड पश्चिमेकडे करावे.

मग दोरी. ताण दिल्यावर लांबणारी नको. जाड दोरी आणि दोन खुंट्या घ्यायच्या. होम प्लेटच्या टोकाशी एक खुंटी ठोकायची, तिथून मैदानाच्या मध्याकडे २५.८६ मीटर मोजून दुसरी. हा झाला दुसरा बेस. आता दोरीला १८.२९ मीटरवर गाठ मारायची. होमच्या खुंटीपासून दोरी ताणून उजवीकडे एक कमान जमिनीवर ओढायची, दुसऱ्या बेसच्या खुंटीपासून तशीच दुसरी. दोन्ही कमानी जिथे एकमेकींना छेदतात तिथे पहिला बेस. डावीकडे तेच केले की तिसरा. वर्गात पायथागोरसचे प्रमेय फळ्यावर पाठ केलेली मुले इथे ते पायाखाली बघतात, आणि कमानी जुळल्या की आपसूक टाळ्या पडतात. पिचरची पट्टी होमपासून महिलांसाठी १३.११ मीटरवर, पुरुषांसाठी १४.०२ मीटरवर, त्याच मधल्या दोरीवर.

दोरी ताठ असतानाच तिच्या कडेने फक्की सोडायची. पत्र्याच्या डब्याला तळाशी खिळ्याने भोके पाडली की आखणीचे यंत्र तयार. मुठीने टाकलेली फक्की जाड-बारीक पडते, डब्याने रेघ एकसारखी येते. एक काळजी मात्र घ्यावी : कळीचा चुना अजिबात नको. घसरताना तोंड जमिनीजवळ असते, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. खडूच्या किंवा चुनखडीच्या भुकटीचीच फक्की घ्यावी. बेसच्या आसपासची हातभर माती फावड्याने सैल करून खडे वेचून टाकावेत. पहिल्या बेसवर शक्य असेल तर दोन रंगांचा जोड बेस ठेवावा, पांढरा भाग क्षेत्ररक्षकाचा आणि नारिंगी धावणाऱ्याचा, म्हणजे पायात पाय अडकत नाही.

पण ही जमीन काळी आहे, कपाशीची. पावसात ती फुगते आणि चपलेला शेरभर चिकटते, उन्हाळ्यात आकसून तिला बोटभर भेगा पडतात. भेगेत पाय अडकून मुरगळणे ही वऱ्हाडी खेळाडूची नेहमीची दुखापत. शालेय स्पर्धांचे तालुका आणि जिल्हा टप्पे बहुतेक पावसाळ्यातच येतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे सरावाला हातात आलेले दिवस आधीच कमी, आणि त्यात मैदान चिखलाचे. उपाय जुनाच : चढ-उतार काढून मुरमाचा थर, त्यावर पाणी मारून रोलर, आणि पाणी वाहून जायला कडेने चर. हे काम एका शाळेच्या आवाक्यातले नाही. तालुका क्रीडा संकुलासाठी राज्य शासनाने अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी रुपये केली, तो पैसा जिथे पोचेल तिथे इमारतीआधी सव्वा एकर मुरमाड, निचऱ्याचे पटांगण तयार झाले पाहिजे. छत नसले तरी खेळता येते, चिखलात येत नाही. तोवर दसऱ्यानंतर माघापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. जमीन घट्ट झालेली असते आणि भेगा अजून पडलेल्या नसतात.

परदेशी गेलेली मराठी माणसे याच प्रश्नाचे उलटे टोक बघतात. अमेरिकेत नगरपालिकेच्या बागांमध्ये बेसबॉलची मैदाने मुबलक आणि क्रिकेटची तुरळक. तिथे उद्यान विभागाकडे अर्ज करून ठरावीक तासांचा परवाना घेतात, दिव्यांचे पैसे वेगळे भरतात आणि बेसबॉलच्या मैदानात टेनिस बॉल क्रिकेट खेळतात. परवान्याचा कागद ज्याच्या हातात त्याचे मैदान, आधी खेळत असलेले निमूट बाजूला होतात. टेक्सासमधल्या ग्रँड प्रेअरी गावात तर बेसबॉलचे अख्खे स्टेडियमच क्रिकेटचे झाले. ६ जून २०२४ रोजी तिथेच विश्वचषकाच्या सामन्यात अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवले. अमेरिकेच्या अठरा धावा झाल्या होत्या, आणि ती निर्णायक ओव्हर टाकून पाकिस्तानला तेरावर रोखणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा, एकेकाळी मुंबईकडून रणजी खेळलेला. बेसबॉलसाठी बांधलेल्या जागेत मराठी मुलगा क्रिकेट जिंकून देतो, तर क्रिकेटच्या पटांगणात धामणगावच्या मुलींना सॉफ्टबॉल खेळायला रविवारचे तीन तास मिळायला हरकत कुणाची असावी?

हे तीन तास मुलांसाठी नुसती मौज नाहीत. राज्यस्तरावर आणि त्यापुढे खेळलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल परत येत आहेत. कापसाच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घरातली मुलगी कॅचरचे मोठे शिरस्त्राण चढवून होम प्लेटमागे बसते, तेव्हा तिच्या आईवडिलांना या सगळ्या वाटा दिसत असतात. ते कुंपणाला टेकून उभे राहतात. नियम कळत नाहीत, पण मुलगी होमला पोचली की हात वर जातात.

सॉफ्टबॉलचे सात डाव दीड-दोन तासांत उरकतात. आखणीला पाऊण तास, आवरायला पाव तास, म्हणून अर्ज तीन तासांचा करावा. आवरताना खुंट्यांची भोके मातीने बुजवून पायाने दाबायची, बेसजवळची सैल माती धुमसायची, पाण्याच्या बाटल्या गोळा करायच्या. शिपायाला फाटकाची किल्ली देऊन अनामतीच्या नोंदीवर त्याची सही घ्यायची. नवाच्या सुमारास क्रिकेटवाले पोट्टे स्टंप घेऊन कुंपणाशी आलेले असतात, त्यांच्या हातातही त्याच पावतीपुस्तकाचा पुढचा कागद असतो. फक्कीच्या रेषा तशाच राहतात. पाऊस आला नाही तर सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगा पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधल्या रेघेवर उभ्या राहतात.